पाठवले तेच पोहोचले का? नेटवर्क प्रोटोकॉल आणि त्रुटीतपासणी नव्याने शिकणाऱ्यांसाठी

छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरच्या तंत्रनिकेतनात नेटवर्किंगचा विषय नुकताच सुरू झालेले विद्यार्थी, वाळूजच्या एखाद्या कारखान्यात देखभाल विभागात रुजू झालेले तरुण आणि तालुक्याच्या गावी इंटरनेट जोडणीचे काम शिकणारे तंत्रज्ञ, या तिघांना डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. केबल कशी जोडावी आणि राउटर कसा लावावा हे हाताला लवकर जमते, परंतु पाठवलेली माहिती पलीकडे जशीच्या तशी पोहोचली की नाही हे यंत्राला कसे कळते, हा भाग बहुधा पाठांतरावर सोडून दिला जातो. तो समजून घेतला तर बिघाड शोधण्याचे निम्मे काम जागच्या जागी होते, असे माझे ठाम मत आहे.

पुढील प्रत्येक पायरीवर दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. चूक झाली हे कोणाच्या लक्षात येते? आणि लक्षात आल्यावर तो काय करतो? चूक ओळखणे आणि चूक दुरुस्त करणे ही दोन निरनिराळी कामे असून नेटवर्कमध्ये ती बहुतेक वेळा निरनिराळ्या ठिकाणी होतात. नवशिक्यांचा बराचसा गोंधळ ही दोन कामे एक मानल्यामुळे होतो. कागद, पेन्सिल आणि विंडोज किंवा लिनक्स असलेला एक संगणक एवढे साहित्य पुरेसे आहे.

पायरी १ : एक बिट बिघडला म्हणजे काय होते ते कागदावर पाहा

संगणक सर्व काही ० किंवा १ अशा बिटांत साठवतो, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. आपल्याच भागातील एका शहराचे नाव घेऊ. ‘बीड’ हा शब्द संगणक युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतील चिन्हांना क्रमांक देणाऱ्या रचनेच्या) यूटीएफ-८ पद्धतीने साठवतो, तेव्हा ब, दीर्घ वेलांटी आणि ड या तीन चिन्हांना प्रत्येकी तीन बाइट लागतात. त्यांच्या किमती क्रमाने अशा येतात : २२४, १६४, १७२, २२४, १६५, १२८, २२४, १६४, १६१. यांतील तिसरा बाइट १७२ हा द्विमान पद्धतीत १०१०११०० असा लिहिला जातो. आता वाटेत उजवीकडून दुसरा बिट ० चा १ झाला असे समजा. बाइट १०१०१११० झाला, म्हणजेच १७४, आणि १७४ ने संपणारे अक्षर ‘म’ आहे. पलीकडच्या पडद्यावर ‘मीड’ उमटेल. यंत्राच्या दृष्टीने हा शब्दही पहिल्याइतकाच नियमात बसणारा आहे, त्यामुळे नुसत्या माहितीकडे पाहून चूक ओळखता येत नाही. माहितीबरोबर आणखी काहीतरी पाठवावेच लागते, आणि त्रुटीतपासणीचे सारे शास्त्र हे ‘आणखी काहीतरी’ कमीत कमी बिटांत कसे बसवावे याभोवती उभे आहे.

बिट बिघडण्याची कारणे आपल्याकडे शोधावी लागत नाहीत. मोटारीच्या वीजवाहिनीला खेटून नेलेली डेटा केबल, सैल बसलेला आरजे-४५ कनेक्टर, फायबरच्या टोकावर बसलेली धूळ, अवकाळी पावसातील विजांचा कडकडाट आणि एकाच वाहिनीवर एकमेकांत मिसळणारे वायफायचे सिग्नल, यांपैकी काही ना काही वर्षभर चालूच असते.

पायरी २ : पॅरिटी बिट लावून पाहा

सर्वांत साधा उपाय असा की, बाइटमधील १ अंक मोजावेत आणि त्यांची एकूण संख्या सम होईल असा एक जादा बिट शेवटी जोडावा. यालाच सम पॅरिटी म्हणतात. १०१०११०० मध्ये चार वेळा १ आहे, म्हणून पॅरिटी बिट ० राहील. ‘म’चा बाइट पोहोचला तर त्यात पाच वेळा १ आढळेल, संख्या विषम होईल आणि चूक उघड होईल.

आता शेवटचे दोन्ही बिट एकदम उलटवा. १०१०११०० चे १०१०११११ झाले, म्हणजे १७५, आणि अक्षर ‘य’ झाले. १ अंकांची संख्या सहा, म्हणजे सम. पॅरिटी समाधानी, आणि पडद्यावर ‘यीड’. एका बाइटमध्ये सम संख्येने बिट बिघडले की पॅरिटीला ते दिसत नाहीत. शिवाय चूक दिसली तरी कोणता बिट बिघडला हे तिला सांगता येत नाही. ही उदाहरणे केवळ वाचून सोडू नयेत; स्वतःच्या गावाच्या नावाचे बाइट काढून तीच कृती एकदा हाताने करावी.

पायरी ३ : बेरीज करा, आणि बेरीज कुठे फसते तेही पाहा

दुसरा मार्ग चेकसमचा. ‘बीड’च्या नऊही बाइटांची बेरीज १६२६ येते. तिला २५६ ने भागल्यास बाकी ९० उरते. हा ९० एका बाइटमध्ये मावतो, म्हणून तो दहावा बाइट म्हणून सोबत पाठवता येतो. ‘मीड’ पोहोचल्यास बेरीज १६२८ आणि बाकी ९२ येईल. ‘यीड’ पोहोचल्यास बाकी ९३ येईल. पॅरिटीला चकवणारी चूक येथे सापडली.

तथापि बेरजेलाही मर्यादा आहे. समजा ‘ब’च्या बाइटमधील शेवटचा बिट ० चा १ झाला आणि ‘ड’च्या बाइटमधील शेवटचा बिट १ चा ० झाला. १७२ चे १७३ झाले, १६१ चे १६० झाले, शब्द ‘भीठ’ झाला, आणि बेरीज मात्र १६२६ च राहिली. (हीच चूक प्रत्येक बाइटच्या पॅरिटीने पकडली असती, याकडे लक्ष द्यावे.) त्याहून गंभीर गोष्ट अशी की, बेरजेत क्रमाला काहीच किंमत नसते. ‘ब’ आणि ‘ड’ यांची अदलाबदल होऊन ‘डीब’ झाले तरी बाकी ९० च येणार.

असे असूनही इंटरनेटच्या गाभ्यातील आयपी आवृत्ती ४ (पत्त्यानुसार माहिती पोहोचवणारा), टीसीपी आणि यूडीपी (त्याच्यावर चालणारे) या तिन्ही प्रोटोकॉलांत, म्हणजे यंत्रांनी आपसात बोलण्याच्या ठरलेल्या नियमांत, बेरजेवर आधारलेलाच १६ बिटांचा चेकसम वापरला जातो. तो कसा काढावा याचे विवेचन १९८८ मधील आरएफसी १०७१ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात आहे. दोन-दोन बाइटांचे गट करून त्यांची बेरीज केली जाते, १६ बिटांबाहेर गेलेला हातचा पुन्हा उजवीकडे मिळवला जातो आणि शेवटी सर्व बिट उलटवले जातात. ही तपासणी दुबळी आहे, पण अतिशय जलद होते. आणि तिच्याखाली अधिक कडक तपासणी आधीच झालेली असते, या भरवशावर ती चालते.

पायरी ४ : सीआरसी हाताने सोडवा

ती कडक तपासणी म्हणजे सीआरसी (सायक्लिक रिडन्डन्सी चेक). वेस्ली पीटरसन यांनी १९६१ मध्ये मांडलेली ही पद्धत शाळेतल्या भागाकारासारखीच चालते. फरक इतकाच की येथे वजाबाकीत हातचा घेत नाहीत. दोन बिट सारखे असतील तर ०, वेगळे असतील तर १, एवढाच नियम.

पाठवायची माहिती ११०१ आणि दोन्ही टोकांना आधीच ठाऊक असलेला भाजक १०११ असू द्या. भाजक चार बिटांचा असल्यामुळे बाकी तीन बिटांची येणार, म्हणून माहितीपुढे तीन शून्ये लिहून ११०१००० हा भाज्य करावा. पहिल्या चार बिटांतून, म्हणजे ११०१ मधून, १०११ वजा केल्यास ०११० उरते. पुढचे शून्य खाली घेतल्यावर ११००. त्यातून भाजक वजा केल्यास ०१११. पुन्हा शून्य खाली घ्या, १११०, वजाबाकी ०१०१. शेवटचे शून्य घ्या, १०१०, वजाबाकी ०००१. बाकी ००१. ती तीन शून्यांच्या जागी लिहून ११०१००१ हा संदेश पाठवावा.

घेणाऱ्याने हाच संदेश १०११ ने भागल्यास बाकी ००० येते, आणि तीच त्याच्यासाठी खूण असते. वाटेत डावीकडून तिसरा बिट बिघडून ११११००१ पोहोचला, तर बाकी ११० येईल. हा दुसरा भागाकार येथे मुद्दाम सोडवून दाखवलेला नाही. तो वाचकाने स्वतः करावा, कारण सीआरसी एकदा हातून गेली की ती पुन्हा पाठ करावी लागत नाही. मध्येच एका ठिकाणी आघाडीचा बिट शून्य येतो, तेथे भाजक वजा न करता पुढचा बिट खाली घ्यावयाचा आहे.

इथरनेटमध्ये, म्हणजे केबलच्या स्थानिक नेटवर्कमध्ये, भाजक ३३ बिटांचा आणि बाकी ३२ बिटांची असते. ही बाकी प्रत्येक फ्रेमच्या (वायरीवरून एकत्र जाणाऱ्या माहितीच्या गठ्ठ्याच्या) शेवटी चार बाइटांत बसवलेली असते. सलग ३२ बिटांच्या पट्ट्यात झालेला कोणताही बिघाड ती हमखास पकडते. त्याहून लांब बिघाड निसटण्याची शक्यता सुमारे ४२९ कोटींत एक इतकी राहते. सलग बिघाडावर एवढा भर देण्याचे कारण प्रत्यक्ष वायरीत आहे. १०० मेगाबिट वेगाच्या जोडणीत एका मायक्रोसेकंदात १०० बिट निघून जातात, त्यामुळे मोटार सुरू होताना उठलेला क्षणभराचा विद्युत झटका एकटादुकटा बिट न बिघडवता एक सबंध पट्टाच बिघडवतो.

येथवर केवळ चूक ओळखणे झाले. पुरेसे जादा बिट जोडले तर घेणाऱ्याला ती जागेवरच दुरुस्तही करता येते. रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये अशी संकेतरचना प्रसिद्ध केली, आणि १९६० मध्ये आलेली रीड-सॉलोमन रचना आज प्रत्येक क्यूआर कोडमध्ये आहे. वसमतच्या हळदबाजारात एखाद्या दुकानी लावलेल्या क्यूआर कोडच्या कोपऱ्यावर हळदीचे बोट उमटले तरी पैसे जातात, ते याच रचनेमुळे. क्यूआर कोडच्या दुरुस्तीच्या सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर परत मिळवता येतो. मात्र नेटवर्कमध्ये पुन्हा पाठवणे बहुधा स्वस्त पडते, म्हणून तेथे ओळखून टाकून देणे आणि नव्याने मागवणे हाच मुख्य मार्ग आहे.

पायरी ५ : कोणती तपासणी कोणत्या थरावर आहे ते रेखाटा

कागदावर एक लांबट चौकट काढून तिचे भाग पाडावेत. मध्ये १४६० बाइटांची माहिती. तिच्यापुढे टीसीपीचे २० बाइटांचे हेडर (क्रमांक, पत्ता अशा नोंदींचा आरंभीचा भाग) आणि त्याहीपुढे आयपीचे २० बाइटांचे हेडर; एकूण १५००, आणि इथरनेटच्या सर्वसाधारण फ्रेममध्ये मावणारी कमाल मर्यादा हीच. त्यावर इथरनेटचे १४ बाइटांचे हेडर आणि शेवटी सीआरसीचे ४ बाइट. या चौकटीवर प्रत्येक तपासणीचा पल्ला वेगळ्या रंगाने दाखवावा. सीआरसी संपूर्ण फ्रेम तपासते. आयपी आवृत्ती ४ चा चेकसम फक्त स्वतःचे हेडर तपासतो, आतील माहिती नव्हे. आवृत्ती ६ मध्ये तर तो काढूनच टाकला आहे. टीसीपीचा चेकसम आपले हेडर आणि आतील माहिती दोन्ही तपासतो.

यातील एक बाब पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. सीआरसी ही एका जोडणीपुरती असते. राउटर आलेली फ्रेम तपासून फोडतो, आतील पॅकेट (आयपीच्या हेडरसह असलेली माहिती) बाहेर काढतो आणि पुढील जोडणीसाठी नवी फ्रेम व नवी सीआरसी तयार करतो. नांदेडहून पुण्याला निघालेल्या पार्सलाची गोणी प्रत्येक थांब्यावर बदलावी, पण आतल्या पेटीचे सील पुण्यातच तपासले जावे, तसा हा प्रकार आहे. राउटरच्या स्वतःच्या स्मृतीत माहिती बिघडली, तर तो बिघडलेल्या माहितीवरच अगदी बिनचूक नवी सीआरसी बसवून पुढे पाठवेल, आणि ती चूक वाटेतील कोणत्याही जोडणीला कळणार नाही. टीसीपीचा दुबळा वाटणारा चेकसम येथे उपयोगी पडतो, कारण तो दोन्ही टोकांच्या संगणकांतच काढला आणि तपासला जातो.

आता दुसरा प्रश्न. सीआरसी जुळली नाही तर इथरनेट काय करते? फ्रेम टाकून देते आणि गप्प बसते. पाठवणाऱ्याला ती काहीही कळवत नाही. वायफायचे तसे नाही. तेथे प्रत्येक नीट मिळालेल्या फ्रेमची पोच दिली जाते आणि पोच न आल्यास फ्रेम तिथल्या तिथे पुन्हा पाठवली जाते, म्हणून खराब वायफायवर माहिती हरवण्याआधी वेग मंदावतो.

पायरी ६ : टीसीपीची पोच समजून घ्या

इथरनेटने गुपचूप टाकून दिलेल्या माहितीची भरपाई टीसीपी करते. विंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ मध्ये या प्रोटोकॉलाची मूळ मांडणी केली, १ जानेवारी १९८३ रोजी इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या आर्पानेटने तो स्वीकारला, आणि त्याचे सध्याचे अधिकृत वर्णन २०२२ च्या आरएफसी ९२९३ मध्ये आहे. संभाषणाच्या आरंभी दोन्ही बाजू तीन संदेशांत परस्परांचे प्रारंभीचे क्रमांक जाणून घेतात. त्यानंतर क्रमांक पॅकेटला नव्हे, तर प्रत्येक बाइटला असतो, हे लक्षात ठेवावे.

सेवा केंद्रातील संगणकावर सातबाऱ्याची पीडीएफ फाइल उतरत आहे, आणि सोयीसाठी तिचा पहिला बाइट क्रमांक १ चा आहे असे धरा. पहिल्या सेगमेंटमध्ये, म्हणजे टीसीपीच्या एका तुकड्यात, १ ते १४६० बाइट पोहोचले. संगणकाने पोच दिली, ‘१४६१ पासून पुढचे पाठवा’. दुसऱ्या सेगमेंटची फ्रेम वाटेत बिघडली आणि एका स्विचने ती टाकून दिली. तिसरा सेगमेंट पोहोचला, पण मध्ये खिंड पडलेली असल्यामुळे संगणक पुन्हा हेच म्हणतो, ‘१४६१’. चौथा पोहोचला, तरी ‘१४६१’. पाचवा पोहोचला, तरी ‘१४६१’. तीच पोच जादा अशी तीनदा आल्यावर सर्व्हर समजतो की दुसरा सेगमेंट हरवला, आणि तेवढाच पुन्हा पाठवतो. तो मिळताच खिंड भरते आणि पोच एकदम ७३०१ वर उडी घेते, कारण तिसरा, चौथा आणि पाचवा सेगमेंट संगणकाने जपून ठेवलेले असतात.

एकही पोच आली नाही, तर सर्व्हर ठरावीक काळ वाट पाहून पुन्हा पाठवतो, आणि दरवेळी वाट पाहण्याचा काळ दुप्पट करतो. जोडणी मधूनमधून तुटत असेल तर संकेतस्थळ ‘अडकून’ राहिल्यासारखे वाटते आणि मग एकाएकी पुढे सरकते, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असते. यूडीपीमध्ये पोचही नाही आणि पुनर्प्रेषणही नाही. चेकसम चुकला की पॅकेट गेले. दूरध्वनीसारख्या थेट संभाषणात उशिरा आलेल्या शब्दापेक्षा गाळलेला शब्द परवडतो, म्हणून तेथे यूडीपी योग्य ठरते.

पायरी ७ : कारखान्यातील वायरीवर तीच तत्त्वे पाहा

वाळूज किंवा शेंद्रा औद्योगिक क्षेत्रात काम करणाऱ्यांना आरएस-४८५ वायरीवर जोडलेले वीजमीटर आणि त्यांवर चालणारा मॉडबस प्रोटोकॉल भेटतोच. मॉडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये आणलेला हा प्रोटोकॉल नवशिक्याने आवर्जून अभ्यासावा, कारण त्याची संपूर्ण फ्रेम २५६ बाइटांपेक्षा मोठी नसते आणि वर पाहिलेल्या दोन तपासण्या तेथे एकत्र नांदतात : प्रत्येक बाइटला पॅरिटी बिट आणि संपूर्ण फ्रेमला १६ बिटांची सीआरसी.

मुख्य यंत्र मीटरला क्रमांकाने विचारते, मीटर उत्तर देतो. प्रश्नाची सीआरसी जुळली नाही तर मीटर उत्तरच देत नाही. मुख्य यंत्र वाट पाहून पुन्हा विचारते. म्हणूनच मीटर ‘मेला’ असे वाटले तरी तो प्रत्यक्षात बिघडलेले प्रश्न नाकारत असण्याची शक्यता असते. अशा वेळी मीटर बदलण्यापूर्वी काही गोष्टी पाहाव्यात. दोन्ही टोकांचा वेग आणि पॅरिटीची मांडणी सारखी आहे का? पिळाच्या जोडतारेचाच वापर केला आहे का? वायरीच्या दोन्ही अंत्य टोकांना, आणि तेवढ्याच टोकांना, १२० ओहमचे रोधक लावले आहेत का? मोटारीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या वीजतारा त्याच ट्रेमधून गेल्या आहेत का? शेवटचे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण ते यंत्र बंद असताना केलेल्या चाचणीत कधीच दिसत नाही.

पायरी ८ : आपल्या संगणकातील मोजणी वाचा

पुढील आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत टंकाव्या लागतात. प्रथम पिंग आज्ञेने आपल्या राउटरचा पत्ता तपासावा. तो घरोघरी बहुधा १९२.१६८.१.१ असा असतो. विंडोज नेहमी ३२ बाइटांची चारच पॅकेटे पाठवते. त्याऐवजी ‘एन’ पर्यायाने संख्या १०० आणि ‘एल’ पर्यायाने आकार १४०० करावा. ३२ बाइट म्हणजे २५६ बिट, तर १४०० बाइट म्हणजे ११,२०० बिट. गोंगाट असलेल्या वायरीवर लहान पॅकेटे सहीसलामत जातात आणि मोठी गळतात. लहान पिंग चालते आणि मोठी गळते, असे आढळल्यास वायर आणि कनेक्टर यांवर संशय घ्यावा.

त्यानंतर विंडोजमध्ये नेटस्टॅट आज्ञा ‘ई’ पर्यायासह चालवावी. तेथे त्रुटी आणि टाकून दिलेली पॅकेटे वेगवेगळ्या ओळींत दिसतात. या दोन आकड्यांचा अर्थ एक नाही. त्रुटीचा आकडा वाढत असेल तर माहिती वाटेत बिघडते आहे. टाकून दिलेल्यांचा आकडा वाढत असेल, तर माहिती चांगली असूनही ती घेण्यास जागा नाही किंवा ती अनावश्यक आहे. नेटस्टॅट ‘एस’ पर्यायासह चालवल्यास टीसीपीने किती सेगमेंट पुन्हा पाठवले हे कळते. आकडा किती आहे यापेक्षा तो दहा मिनिटांत कितीने वाढला हे पाहावे. पुनर्प्रेषण वाढत आहे, पण आपल्या संगणकाच्या त्रुटी शून्यच आहेत, असे दिसले तर दोष बहुधा आपल्या केबलमध्ये नसून पुढे कुठेतरी असतो.

वायरशार्क (पॅकेटे टिपून दाखवणारे साधन) वापरणाऱ्यांसाठी दोन सूचना. बिघडलेल्या फ्रेम नेटवर्क कार्ड आधीच टाकून देते, त्यामुळे त्या तेथे सहसा दिसत नाहीत. आणि आपल्या संगणकातून बाहेर जाणाऱ्या पॅकेटांचा चेकसम चुकीचा दिसल्यास घाबरू नये. तो काढण्याचे काम बऱ्याच कार्डांत कार्डच करते, आणि वायरशार्क पॅकेट त्याआधीच टिपतो.

पायरी ९ : मोठी फाइल उतरल्यावर हॅश जुळवा

पॅरिटी, चेकसम आणि सीआरसी या तिन्ही अपघाती बिघाडासाठी आहेत. कोणी हेतुपुरस्सर माहिती बदलली, तर तो नवा चेकसमही बसवू शकतो. लिनक्सची किंवा एखाद्या यंत्राच्या फर्मवेअरची फाइल उतरवल्यावर, म्हणून, एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या सर्व बाइटांवरून काढलेली, ठशासारखी खूण) जुळवावा. विंडोजमध्ये सर्टयूटिल आणि लिनक्समध्ये एसएचए-२५६-सम या आज्ञा ६४ अक्षरांची एक ओळ देतात; ती उत्पादकाच्या संकेतस्थळावरील ओळीशी पूर्णपणे जुळली पाहिजे. पहिली आणि शेवटची चार अक्षरे पाहून थांबू नये. तसेच फाइल मित्राच्या पेनड्राइव्हवरून घेतली असेल, तर हॅशही त्याच पेनड्राइव्हवरून घेऊ नये. तो उत्पादकाच्या सुरक्षित संकेतस्थळावरूनच घ्यावा.